मोकळ्या खाचा

निपाणी,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय परशा,

देवाप्पाचा जयभीम. तुझा रामराम तू काही पाठवणार नाहीस, तेव्हा तो मीच तुझ्या वतीनं घेतला आणि मीच परत केला असं समज.

इकडं सगळी बरी आहेत. वहिनींचा गुडघा थंडीत धरतो, पण कामाला हटत नाहीत. नागोजीनं तुझ्या वाटणीच्या रानातही हरभरा केलाय, चांगला भरलाय. धाकटा भाऊ म्हणून त्याला शिव्या घालायची तुझी सवय, पण या खेपेला शाबासकी दे. माझं दुकान ठीक. गावात प्रत्येकाकडं मोबाईल झाला तरी कॉम्प्युटर बिघडायचे थांबलेले नाहीत, त्यावर आमची चूल.

फोन न करता कागद का घेतला म्हणशील. तू फोन उचलत नाहीस, आणि का उचलत नाहीस ते मला ठाऊक आहे. तवंदी घाटातली ओमकारच्या अपघाताची ती बातमी तुला फोनवर आली होती. कागद निदान वाजत तरी नाही. माझं अक्षर बघून हसू नकोस. दिवसभर स्क्रू फिरवणारी बोटं आहेत ही.

कामाचं सांगतो. तुझ्या आरोहीला बेळगावात नोकरी लागली. लोकांची घरं बांधायच्या आधीच कॉम्प्युटरवर उभी करून दाखवायची, खिडकीतनं ऊन कसं येईल तेसुद्धा. शहापुरात एका विणकराच्या माडीवर खोलीही मिळालीय. पण त्या लोकांची अट अशी की मशीन स्वतःचं पाहिजे आणि दमदार पाहिजे. पोरगी म्हणाली, दादाचं आहे की. त्याची मेमरी तिच्या कामाला अपुरी पडत होती, म्हणून तिनं मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या आणल्या, आत दोन खाचा मोकळ्या होत्या त्यात बसवल्या, आणि तेव्हापासून मशीन कोसळतंय. काम रंगात आलं की पडदा निळा होतो आणि बंद. या महिनाअखेर तिला तिकडं हजर व्हायचंय. मशीन नसलं तर नोकरी दुसऱ्या कुणाची तरी.

तुला कळेल असं सांगतो. ओमकारनं ते मशीन ओव्हरक्लॉक केलं होतं. म्हणजे कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलं होतं. गाडीचा रोजचा बैल घ्यायचा आणि त्याच्याकडनं शर्यतीची चाल काढायची, तसं. निघते चाल. पण खुराक, पाणी, सावली सगळं नेमकं सांभाळावं लागतं. पोराचा हात नेमका होता. माझा अंदाज, दोन पट्ट्यांवर जमणारी चाल चार पट्ट्यांवर झेपत नाही. वेग उतरवला की बैल शांत होईल.

मशीन आणायला काल मीच तुमच्या वाडीवर गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, "न्हेताय न्हवं भावजी, पण लगीच आणा. त्येच्याबिगर घर मुकं हुतंय."

मी हसून म्हटलं, "वहिनी, ते आता शहापूरला चाललंय, पोरीबरोबर."

"ते तवाचं तवा."

नेण्याआधी एकदा चालवून बघावं म्हणून आरोहीला तिचं काम लावायला सांगितलं. पंखे वर चढले, उतरले, परत चढले. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसे. आणि मग आतून बारीक शिट्टी आली. दोन सुरांची, दुसरा सूर जरा ओढलेला. वहिनी लसूण सोलत होत्या. त्यांनी परात बाजूला ठेवली, उठल्या, दाराची कडी काढली, पायरीवर उभं राहून रस्ता बघितला, आणि परत येऊन लसूण सोलायला बसल्या.

आरोही हळूच म्हणाली, "रोजचं हाय हे, काका."

मी तिला समजावलं. आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, जास्त वीज ओढली की ती थरथरतात, त्याचा आवाज होतो. ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनला तर हमखास.

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "तरी बी मी एकदा उठलोय."

ओमकार गल्लीच्या तोंडाला आला की कशी शिट्टी घालायचा ते तुला सांगायला नको. तेवढ्यात मशीन कोसळलं, आवाज बंद झाला.

बाकी विशेष नाही. जेवत जा. हॉटेलात काम करणारा माणूसच उपाशी राहतो असं माझ्या पाहण्यात आहे.

तुझा,
देवाप्पा


निपाणी,
१७ फेब्रुवारी २०२५

परशा,

रवळू भेटला. तुमच्या हॉटेलात भांडी पुरवतो तो, हलशीकडचा, बोलताना मान वाकडी करणारा. लोंढ्याहून निघून थेट माझ्या दुकानात आला. चहा घेतला आणि म्हणाला, "परशुमामांनी सांगावा दिलाय. त्ये मिशन उघडू नका म्हणाल्यात."

"आणि?"

"आन काय न्हाय. हाय तसं चालू द्या म्हणाले. नव्या पट्ट्या काढून टाका, पर खोलू नका."

"का म्हणून?"

"मला काय ठावं वो! टेबल पुसत हुते. तुमचं पत्र वाचलं. मग त्येच टेबल परत पुसलं. लई येळ पुसलं. गिऱ्हाईक म्हणालं, मामा, रंग जाईल."

परशा, ओमकार गेल्यापासून तू मला एक अवाक्षर कळवलं नाहीस. वहिनींना नाही, पोरीला नाही. आणि आता पहिला निरोप आला तो मशीन उघडू नको असा. मी तर पत्रात वेग उतरवायचं लिहिलं होतं, उघडायचं नाही.

मी बिडीच्या कारखान्याच्या दारात वाढलेला माणूस. तंबाखू चाळणाऱ्या बाया सांगायच्या, चाळणीचा आवाज ऐकून पानात काडी किती ते कळतं. पुढं माझंही पोट कानावरच चाललं. हार्ड डिस्क मरायला टेकली की तीन गिऱ्हाइकांच्या गप्पांतूनही मला ऐकू येते. तुझ्या निरोपातही काहीतरी खरखरलं. पण त्या वेळी मी ते बाजूला ठेवलं, कारण काम अडलं होतं आणि पोरीचा फोन रोज येत होता.

वेग उतरवला. ओमकारनं जे जे चढवलं होतं ते सगळं काढून मशीन कंपनीनं दिलं तसं केलं. कोसळलं. मग नव्या पट्ट्या एकट्याच, जुन्या जागी लावून बघितल्या. अगदी सरळ चालल्या. जुन्या एकट्या, तशाच चालल्या. म्हणजे पट्ट्यांत खोट नाही. मग एकेक पट्टी त्या मोकळ्या खाचांत घातली. कोसळलं. कुठलीही घाल, त्या खाचांत गेली की मशीन जमिनीवर. म्हणजे दुखणं खाचांतच.

तू उघडू नको म्हणालास, पण काचेचं झाकण तर मी आधीच उघडलं होतं. पट्ट्या बदलायच्या तर उघडावंच लागतं. फक्त खाचांच्या आत बॅटरी मारून डोळा लावला नव्हता. तो काल लावला.

आता एक गोष्ट लिहितो, ती नीट वाच. निपाणीत कुठलंही मशीन उघडलं की आधी शिंक येते. इथं हवेतच तंबाखू आहे. पंख्यात बसते, तारांवर बसते, खाचांत उतरते. माझी रीत ठरलेली. झाकण काढायचं, ब्लोअर लावायचा, तोंड फिरवायचं, शिंकायचं. या मशीनच्या खाचांत राखाडी भुकटी दिसली. मी ब्लोअर हातात घेतला, बटणावर अंगठा ठेवला, आणि वाट बघत राहिलो. शिंक आली नाही.

ब्लोअर खाली ठेवला. चिमट्यानं चिमूटभर कागदावर घेतली. तंबाखू नव्हे. रांगोळी म्हणावी तर इतकी हलकी नसते. चुना असेल म्हटलं तर बोटाला ओढत नव्हता. आणि त्यात एक कण होता, तांदळाच्या कणीएवढा, पांढरा, छिद्राछिद्रांचा.

वहिनींना फोन केला. म्हटलं, चुलीतली राख बिख कधी मशीनजवळ सांडली होती का? त्या म्हणाल्या, "चूल मागल्या परड्यात हाय, मिशन सोप्यात. तितं कशी येईल राख?" आणि मग म्हणाल्या, "भावजी, तुमी तिकडं चालू केलासा काय मिशन आत्ता?"

"नाही. का?"

"शिट्टी आली की. मी कडी काढलो."

परशा, मशीन माझ्यासमोर उघडं पडलं होतं. वायर काढलेली, पट्ट्या टेबलावर. भर दुपार, रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी. मी वहिनींना म्हटलं, रस्त्यानं कुणी पोर गेलं असेल. त्या "व्हय" म्हणाल्या. पण फोन ठेवेनात, मीही ठेवेना. दोघंही काहीतरी ऐकत राहिलो.

कागदाची पुडी केली आणि पट्ट्यांच्या शेजारी ठेवली. दुकान लवकर बंद केलं. घरची म्हणाली, आज काय, बरं नाही का? मी म्हटलं, गिऱ्हाईकच नाही.

ओमकारच्या मशीनला घरच्यांपैकी कोणी हात लावला होता, तुला काही आठवतंय का? कळव. नुसता निरोप नको, तूच कळव.

देवाप्पा


निपाणी,
२४ फेब्रुवारी २०२५

परशा,

तू काही कळवणार नाहीस हे मला वाटलंच होतं. मी विचारलं तेही खोटंच विचारलं. उत्तर माझ्याकडं तेव्हाच होतं, लिहायला हात धजत नव्हता. आज लिहितो.

तुमच्या घरातली खंडेनवमी मी लहानपणापासून बघतोय. आमच्यात ती नाही, पण तुझ्या आईचं पुरण मी कधी सोडलं नाही. कुळव, खुरपी, औत, पुढं मोटरपंप, मग ट्रॅक्टर, सगळं धुवून मांडायचं आणि घरच्या कर्त्यानं त्याला हळद, कुंकू आणि देवाचा अंगारा लावायचा. ओमकारनं मशीन आणलं तेव्हा त्यालाही ओळीत बसवलंस तू. मी होतो त्या दिवशी. तू अंगाऱ्याची चिमूट घेऊन आत हात घातलास आणि पोरगं किंचाळलं, "आण्णा, आत नको! भाईर, काचंवर लावा!"

तू म्हणालास, "काचंला लावून काय उपेग? औताला लावतो तवा फाळाला लावतो मी, मुठीला न्हवं."

किती हसलो होतो आपण. शेवटी त्यानंच तुझ्या हाताला धरून मोकळ्या खाचा दाखवल्या. म्हणाला, लावायचाच असला तर हितं लावा, ह्यात सध्या कायच न्हाय, कशाला लागणार न्हाय. आणि तू खूश.

तू तेच केलंस. फाळाला लावलंस.

रक्षा सावडली त्या दिवशी वेदगंगेवर मी तुझ्या मागं उभा होतो. तुमची भावकी पुढं, मी मागं, ते बरोबरच होतं. मडकं तू पाण्यात सोडलंस. सगळे वळले. तू एक हात सदऱ्याच्या खिशात घालून उभा राहिलास आणि घरापर्यंत तो हात बाहेर काढला नाहीस. मला वाटलं, माणूस थरथरतोय, हात लपवतोय. इतकं बघितलं आणि इतकंच कळलं मला.

मला तुझा राग नाही. पोरगं त्या मशीनसमोर जेवायचं, हसायचं, भांडायचं. रात्री तू हाक मारायचास ती त्याच्या पाठीला मारायचास. नदीला सगळा द्यायचा तुला जीव झाला नाही. खिशातली रक्षेची चिमूट त्याच्या हत्यारात ठेवलीस. मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं कुणास ठाऊक. मी तर देव मानत नाही, तरी परवापासून त्या पुडीच्या शेजारी चहाचा कप ठेवत नाही.

पण पुढचं तू लपवलंस. चिमूट ठेवल्यावर आरोही त्या मशीनवर काम शिकायला लागली. मशीनवर जोर यायला लागला. आणि एक दिवस तू सोप्यात बसलेला असताना शिट्टी आली. आली की नाही, सांग. वहिनी उठून दार उघडायच्या, कारण त्यांना वाटायचं पोरगं बाहेरनं आलंय. तुला तसं वाटलं नाही. तुला वाटलं पोरगं आत अडकलंय, आणि अडकवलंय आपणच. पाण्यात सोडायचं ते सोडलं नाही, म्हणून त्याला वाट मिळेना. बायकोला दार उघडताना बघायचं आणि आतली गोष्ट आपल्यालाच माहीत, हे तुला सोसवेना. म्हणून लोंढा. म्हणून दुसऱ्याची टेबलं. शेतीला कंटाळलो, मन रमेना, असं सगळ्यांना सांगत गेलास. मीही ते गावभर सांगत फिरलो, तुझी बाजू घेऊन.

ऐक. शिट्टी तारेच्या वेटोळ्याची आहे. वेग उतरवला तशी ती बंद झाली. मी माझ्या कानांनी खात्री केलीय. वहिनींनी त्या दुपारी वाडीत जी ऐकली, तिचा हिशोब मला लागत नाही. तो लागतोय असं तुला खोटं लिहिणार नाही. तू मला खोट्यात पकडशील आणि बाकी सगळंही खोटं ठरवशील.

परवा बसलो आणि काम केलं. ब्लोअर नाही. लहान पोरांच्या रंगाचा मऊ ब्रश नवा आणला. खाली पांढरा स्वच्छ रुमाल. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला की उडायला नको. खाचेतून कण कण ओढून घेतला. हे करताना मनात आलं, तुझ्या भावकीतल्या म्हाताऱ्यांनी बघितलं असतं तर? सरणाची लाकडं आमच्या लोकांनी फोडायची आणि मग लांब उभं राहायचं, हा माझ्या बापाच्या वेळचा कायदा. आणि तुझ्या पोराची शेवटची चिमूट माझ्या तळहातावर. बापानं बघायला पाहिजे होतं. ओमकार असता तर म्हणाला असता, "काका, हात धुतलासा न्हवं? बोटाचं तेल लागतं कॉन्टॅक्टला." धुतले होते.

दोन्ही खाचा कोऱ्या झाल्या. चारही पट्ट्या बसवल्या, तपासणी लावली, दिवसभर चालू ठेवली. एक चूक नाही. आरोही आली, तिनं तिचं सगळ्यात जड काम लावलं. एका बंगल्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन फिरत गेलं आणि मशीन हललं नाही. पोरगी रडायला लागली. म्हणाली, "काय हुतं काका?"

मी म्हटलं, "धूळ."

"एवढीच?"

"एवढीच."

ती माझ्याकडं बघत राहिली. तुझीच पोर, तिला पटलं नाही. पण तिनं पुढं विचारलं नाही. येत्या शुक्रवारी ती मशीन घेऊन शहापूरला जातेय. नागोजी टेम्पो घेऊन सोडायला जाणार. म्हणजे शुक्रवारपासून त्या घरात वहिनी एकट्या. मशीन नाही, पोर नाही, तू नाहीस. त्या मला म्हणाल्या, "आता कुनासाठी कान द्यायचा ओ भावजी?"

वहिनींना मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तू सांगायचंस. त्या रागावतील. कदाचित भांडं फेकून मारतील. मग माझा अंदाज असा की तुला बाजूला सारून आधी विचारतील, "कुठं हाय?" आणि तेव्हा तू त्यांना माझ्याकडं घेऊन यायचंस.

रुमालाच्या चार गाठी मारून ते मी स्टीलच्या डबीत ठेवलंय. डबी दुकानात, माझ्या खुर्चीच्या मागच्या फळीवर. दिवसभर माझी पाठ तिकडं असते आणि दिवसभर मला वाटतं मागं कुणीतरी बसून माझं काम बघतंय. पहिल्या दिवशी भीती वाटली. आता स्क्रू हरवला की मी मोठ्यानं विचारतो, कुठं गेला रे? गिऱ्हाईक विचारतं, कुणाशी बोलताय? मी म्हणतो, जुन्या कारागिराशी. पण परशा, हे बरं नाही. मला सवय लागत चाललीय. तुला लागली तीच. आणखी थोडे दिवस गेले तर ती डबी मलाही नदीला देववणार नाही, आणि मग तुझ्या पोराला सोडणारं कुणीच उरणार नाही.

मी एकटा वेदगंगेवर जाऊन ते सोडू शकतो. दोनदा मोटरसायकलला किल्ली लावली. दोन्ही वेळा काढली. तो हात माझा नव्हे.

शुक्रवारच्या आत ये. लोंढ्याहून गाडीनं बेळगाव, तिथून एसटी. स्टँडवर मी उभा असेन. वाटेत बोलायचं नसेल तर बोलू नको. घरी जाऊ, तू वहिनींना सांग, मग तिघं नदीवर जाऊ, आणि आरोहीला यायचं असेल तर चौघं. मग शुक्रवारी पोरीला तू स्वतः टेम्पोत बसव. मशीन जड आहे, एका बाजूनं तू धर.

मी उत्तराची वाट बघत नाही, तुझी बघतो.

तुझी वाट बघणारे आम्ही दोघं, मागच्या फळीवरचा आणि मी,
देवाप्पा